तळ्याचं तोंड

भाद्रपद लागला की मला भीती वाटायला लागते. कशाची, ते घरातल्यांनी विचारून विचारून सोडून दिलं. पोळा होऊन जातो, मातीचे नंदी देवळीत बसतात, पाऊस चार दिवस उघडीप देतो, ऊन पिवळं पडतं आणि रानगवताला एक वास सुटतो. ओल्या, कुजायच्या बेतात आलेल्या गवताचा. दुसऱ्यांना तो आवडत असेल. मी खिडक्या लावून घेते. सूनबाई म्हणते, आईंचं हे दर वर्षीचंच आहे. तिच्या लेखी मी भित्री भागूबाई, आणि त्यात खोटं काही नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. श्रावणभर आवरून धरलेली जीभ त्या दिवशी मोकळी सोडायची. मटण तरी हवं, नाहीतर मासोळी. यंदा माझा नातू आर्यन मित्रांबरोबर गाड्या उडवत शिवनाथ नदीच्या काठी गळ टाकायला गेला. दुपारी आला तो पिशवीभर मासे घेऊनच, आणि तेही साफ केलेले. स्वयंपाकघरात आनंदीआनंद झाला. मी मात्र पिशवीत डोकावून पहिला प्रश्न तोच विचारला जो मी नेहमी विचारते.

"याची घाण कुठी टाकली रे?"

"वहीं, आजी. पानी के बाजू में. वहाँ सब वहीं फेंकते हैं."

"अन् गळ? दोरा? थैल्या?"

"अरे आजी, इतना कौन देखता है!"

मी त्याला परत पाठवलं. होय, जेवणाची वेळ होती, उन्हाने तो लाल झाला होता, सूनबाईचं तोंड फुगलं होतं, तरी पाठवलं. हातात फावडं दिलं आणि सांगितलं, पाण्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला खड्डा खण, सगळं त्यात घाल, वर माती ओढ, आणि दोरा-थैल्या घरी आण. नाही तर ही मासोळी मी गॅसवर चढू देणार नाही. तो पुटपुटत गेला. ओसरीवर माझी धाकटी बहीण सुमी बसली होती. रायपूरहून तीजेसाठी आली होती. ती हे सगळं ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, तीही मनात हसत असेल.

तीजेला लेकींनी माहेरी यायचं ही इथली, छत्तीसगडची रीत. आम्ही भंडाऱ्याकडचे शेतकरी, आमची हरतालिका ती ह्यांची तीजा. इथे राहता राहता आम्हीही ती उचलली. आता माय नाही, बाबा नाहीत, म्हणून सुमी माझ्याकडे येते. भिलाईच्या नेहरू नगरातलं हे माझं घर हेच तिचं माहेर. ती आली की मला आनंद होतो आणि भीती दुप्पट होते. कारण ती सगळी गोष्ट सुमीचीच आहे, आणि मायने मला शपथ घातली होती की सुमीला ती कधी सांगायची नाही.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा भिलाई नव्हतीच. म्हणजे नाव होतं, स्टेशन होतं, पावर हाउसपाशी बाजार भरायला लागला होता, आणि बाकी सगळी लाल मुरमाची उघडी जमीन. पोलाद कारखान्याचे नुसते लोखंडी सांगाडे उभे होते, चिमण्यांतून अजून धूर निघायचा होता. दिवसभर ट्रकांची रांग. आम्ही मजुरांच्या कॅम्पात राहायचो, टिनाच्या एका खोलीत. पाऊस पडला की आत बोललेलं ऐकू यायचं नाही. बाबा खलाशाच्या कामावर होते. जहाजावरचे खलाशी नव्हेत. इथे लोखंडी तुळया दोरांनी वर चढवणाऱ्याला खलाशी म्हणत. गावाकडे धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलात उभे राहणारे बाबा इथे आभाळात उभे राहायचे. माय खाली मान घालून देवाचं नाव घ्यायची, आणि ते घरी येऊन हसत सांगायचे, "वरून तं आपली खोली माचिसवानी दिसते."

त्यांना कशाचीच भीती वाटत नसे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतरचे बाबा पाहिलेल्यांना ते खरं वाटायचं नाही.

कॅम्पाच्या एका कडेला एक जुनं तळं होतं. ज्या गावाचं ते तळं, ते गाव कारखान्याच्या जमिनीत गेलं होतं. माणसं उठून दुसरीकडे गेली होती. थोडी घरं तेवढी एका कोपऱ्यात उरली होती, त्या वस्तीला पारा म्हणत. तळं मात्र जसंच्या तसं होतं. दगडी पायऱ्या, काठावर पिंपळ आणि पाण्याच्या मधोमध एक लाकडी खांब. इकडे तळं खोदलं की त्याचं लग्न लावतात आणि तो खांब रोवतात. लग्न झालेलं तळं, असं कळल्यावर मला ते बाईमाणसासारखं वाटायचं. नळ कॅम्पापर्यंत पोचला नव्हता. टँकर यायचा तर यायचा. बाकी दिवस आम्ही त्याच तळ्याचं पाणी प्यायचो. पायऱ्यांच्या एका टोकाला प्यायचं पाणी भरायचं आणि दुसऱ्या टोकाला अंघोळ, हे पाराच्या बायकांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, आणि आम्ही ते पाळत होतो.

सुट्टीच्या दिवशी बाबा आणि त्यांच्या टोळीतली माणसं तिथे गळ टाकून बसत. सगळी आमच्याच बाजूची, तळ्यांच्या मुलखातली. मासोळी साफ करायची ती तिथेच, काठावर. आणि इथे बाबांची शिस्त होती. कोणी आतडी पाण्यात भिरकावली की ते ओरडायचे.

"तळ्यात नाही टाकाचं रे! पेयाचं पानी हाय थे. तिकडं खड्ड्यात टाका."

खड्डा तळ्याच्या बाजूलाच होता. मोठा, दगडांनी बांधलेला, आत गुडघाभर साचलेलं पाणी, कडेने गवत. अगदी आमच्या गावच्या तळ्याखाली होता तसा. गावी पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या खाली असा एक खड्डा असायचा. तळ्याचं पाणी मोरीतून त्यात उतरायचं आणि तिथून धानाच्या बांध्यांत जायचं. मासोळीची सगळी घाण त्या खड्ड्यात टाकायची, म्हणजे तळं स्वच्छ आणि धान काळंभोर. लहान पोराला विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. म्हणून बाबा इथेही तेच करत होते, आणि दुसऱ्यांना करायला लावत होते. त्यांच्यावर राग धरायला मला कधी जागाच सापडली नाही. बेफिकीर माणसाच्या हातून असं झालं असतं तर मला एवढं भय वाटलं नसतं.

त्या वर्षीच्या करीला तर जत्राच होती. कॅम्पातले कितीतरी जण गळ घेऊन आले. खड्ड्यात आतडी, खवले, गांडुळांचे डबे, तंबाखूच्या पुड्या, चिवड्याचे कागद. घारी इतक्या खाली उतरत होत्या की मी डोक्यावर हात घेऊन चालत होते. कुत्री खड्ड्याच्या कडेला बसून राहिली, ओरडेनात, भांडेनात, नुसती वाट पाहत. दुसऱ्या दिवशी बाभळीवर एक बगळा लटकलेला दिसला. कोणीतरी तोडून टाकलेला दोरा त्याच्या पायाला गुंडाळला होता आणि तो उलटा होऊन पंख आपटत होता. मी किंचाळले. बाबांनी काटे लागत असताना वर चढून त्याला सोडवला. तो उडाला, पण दोऱ्याचा तुकडा पायाला तसाच होता, मागे लोंबत.

"आता दोरा बी खड्ड्यातच टाकत जा," बाबा सगळ्यांना म्हणाले.

दोन दिवसांनी त्या खड्ड्यातलं पाणी हलताना मी पाहिलं. वारा नव्हता. वरचा सगळा थर आपोआप हलत होता. मी तिथून जी पळाले ती खोलीत येऊन मायला चिकटले. त्या अळ्या होत्या, पण काय पाहिलं ते मला तेव्हा सांगता येईना. आजही भाद्रपदातलं पिवळं ऊन पडलं की तो हलणारा थर मला दिसतो.

मग उघडीप संपली. पाऊस आला तो हात धुऊन मागे लागल्यासारखा. दिवसभर टिनावर कोसळत होता. मुरमाचं लाल पाणी कॅम्पाच्या गल्ल्यांतून वाहत होतं. थांबला तेव्हा माय म्हणाली, घरात प्यायला थेंब नाही, जा. मी माझी लहान पितळी गुंडी घेऊन गेले. तळं काठोकाठ भरलं होतं आणि त्याचा रंग बदलला होता. प्यायच्या पाण्याच्या टोकालाच मी गुंडी बुडवली. घरी आणून ठेवली आणि वरून वाकून पाहिलं, तर पाण्यावर एक चकचकीत टिकली तरंगत होती. मला वाटलं, कुणाच्या तरी लुगड्याची असेल. बोटावर घेतली. मासोळीचा खवला होता तो.

मी मायला दाखवला. तिने पाणी दुहेरी कपड्यातून गाळलं आणि म्हणाली, "काही नाही होत. तळ्यात मासोळ्या हायेत, तं खवला बी राहीनच नं." तिचं बोलणं मला पटलं. तरी त्या पाण्याकडे बघवेना. सुमी तेव्हा बोबडं बोलायची. तिने मागितलं, मायने वाटी भरून दिली, आणि ती घटाघटा प्यायली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सुमीला उलट्या सुरू झाल्या. ऊन वर यायच्या आत तिचे डोळे खोल गेले. मायने लुगड्याचा पदर ओला करून तिच्या ओठांना लावला, तर ते ओठ हललेसुद्धा नाहीत. शेजारच्या खोल्यांतूनही कण्हणं ऐकू येत होतं. हैजा, म्हणजे कॉलरा, हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं, पण गल्लीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या आणि एकीनेही दुसरीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. बाबा कामावर गेले नाहीत. सुमीला मांडीवर घेऊन नुसते बसले होते.

तेवढ्यात गल्लीत फिरंतीन दाईचा आवाज आला. ही पारातली म्हातारी, इकडे आजीबाईला दाई म्हणतात; आम्हाला रानातलं काटवल आणून विकायची. त्या दिवशी तिच्या डोक्यावर टोपली नव्हती. एकेका दारापुढे उभी राहून ती विचारत होती.

"पैठू मा मछरी के पोटा कोन फेंके हे, गा?"

पोटा म्हणजे आतडी, ते कळत होतं. पैठू हा शब्दही आम्ही पाराच्या लोकांच्या तोंडून कितीदा ऐकला होता. खड्ड्याचं नाव असेल, एवढंच समजलो होतो. नाव असतं तसं नाव. बाबांनी मान वर केली.

"पैठू म्हंजे कोनता, दाई? थो बाजूचा खड्डा?"

"खड्डा नोहय गा. पैठू आय. पानी पहिली पैठू मा आथे, तहाँ ले तरिया मा पैठथे." तिने हाताची ओंजळ केली आणि आपल्या तोंडाकडे नेली. "तरिया के मुँह आय."

पाणी आधी पैठूत येतं, तिथे गाळ बसतो, मग ते तळ्यात शिरतं. गावी आमचा खड्डा तळ्याच्या खाली होता. इथला वर होता. गावी तो तळ्याचा निकास होता, इथे तळ्याचं तोंड. दर पावसाळ्याआधी पैठू उपसून साफ करणारी माणसं गाव सोडून गेली होती, आणि त्यांच्या जागी आम्ही आलो होतो.

बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो मला वर्णन करून सांगता येणार नाही आणि सांगायचाही नाही. ते उठले, सुमीला खांद्यावर टाकलं आणि धावत सुटले. मी मागे. वाटेत चिखल, ट्रक, भोंग्यांचे आवाज. सुमीचं डोकं बाबांच्या पाठीवर इकडून तिकडे आपटत होतं आणि मी ओरडत होते, "बाबा, तिची मान! बाबा, मान!" ते ऐकत नव्हते. ती मेली आहे आणि हे बाबांना माहीत नाही, असं मला वाटत होतं. एवढी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. नवरा गेला तेव्हा नाही, स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळीही नाही.

दवाखाना म्हणजे एक लांब शेड होती. ओळीने खाटा आणि प्रत्येक खाटेवर एक पोर. सुमीच्या हातात सुई गेली, वर बाटली टांगली गेली. बाबा खाटेजवळ बसले नाहीत. ते एकेका खाटेपाशी जाऊन विचारत होते, तुम्ही पानी कोठचं पेता जी? काही जण आमच्या तळ्याचं प्यायचे, काही जण दुसरीकडचं. शेवटी त्यांनी डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, मासोळीच्या घाणीनं होते का हे?"

"गंदे पानी से होता है. गंदगी कोई भी हो. अभी बच्ची को देखो."

हो नाही आणि नाहीही नाही. हेच उत्तर बाबा जन्मभर घेऊन राहिले.

सुमी वाचली. तिसऱ्या प्रहरी तिने डोळे उघडून पाणी मागितलं, आणि बाबांनी पेला हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. पहिल्यांदा तेव्हा. बराच वेळ ते आरपार बघत राहिले. माय म्हणाली, "द्या नं, पोरगी मांगून राहिली." तेव्हा कुठे दिला.

पारातलं एक पोर मात्र गेलं. आम्ही घरी परतलो तेव्हा कळलं. बाबा माझा हात धरून पाराकडे निघाले. मला का नेलं, कोण जाणे. लहान पोर बरोबर असलं की लोक हात उचलत नाहीत, असं वाटलं असेल. कॅम्पवाले आणि पारावाले यांच्यात तसंही बरं नव्हतं. त्यांची जमीन गेली होती, आमची पोटं भरत होती. आम्हाला ते परदेसिया म्हणत. मला वाटत होतं, आता बाबांना मारतील. मी त्यांचा हात मागे ओढत होते.

फिरंतीन दाई दारात धान निवडत होती. बाबा उभ्या उभ्याच बोलले.

"दाई, पैठूत थे मीनंच टाकलं होतं. अन् दुसऱ्याईले बी मीनंच सांगतलं, का तेथी टाका म्हनून."

तिने हातातलं धान खाली ठेवलं. आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली. बाबांनी विचारलं, "थे पोर... त्याच्यानंच गेलं का, दाई?"

"कोन जानय, गा," ती म्हणाली. मग उठली, आतून एक बांबूची टोपली आणली आणि बाबांच्या हातात दिली. "चल."

बाबा पैठूत उतरले. मी काठावर, नाकाला फ्रॉक लावून. त्यांनी हाताने सगळं उपसलं. आतडी, डबे, कागद, दोरे. मध्येच त्यांचा हात रक्ताने भरला, कोणाचा तरी गळ बोटात घुसला होता. तो काढून त्यांनी खिशात टाकला आणि पुन्हा वाकले. टोपली भरून वर आणली तेव्हा दाईने पलीकडे, तळ्याच्या खालच्या उताराकडे हात केला. "ओती खन. अउ पाट दे." तिकडे खण आणि बुजव. बाबांनी खणलं, बुजवलं, वर दगड ठेवला. दाई शेवटपर्यंत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता की नाही, हे मला कळलं नाही.

त्या दिवसापासून बाबांनी गळाला हात लावला नाही, असं मी लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण ते खोटं होईल. पुढच्या वर्षी ते पुन्हा गळ टाकायला बसले. जन्माचा छंद होता. फरक एवढाच, की बरोबर एक टिनाचा डबा असायचा. मासोळीचं जे काही फेकायचं ते डब्यात. तोडलेला दोरा डब्यात, गळाचा तुकडा डब्यात. उठताना दुसऱ्यांनी टाकलेलंही वेचून डब्यात. मग खालच्या उतारावर खड्डा. टोळीतले लोक त्यांना डबेवाला म्हणून चिडवायचे आणि हळूहळू आपापले डबे आणायला लागले. पावसाळ्याआधी बाबा पैठू साफ करायचे, पारातली दोन माणसं जोडीला यायची. तळं बुजवून तिथे रस्ते पडले तेव्हाच ते थांबलं. आता ते तळं कुठे होतं, हे मला नेमकं दाखवता येत नाही. एखाद्या घराच्या अंगणाखाली तो खांब उभा असेल का, असा विचार येतो आणि मी तो झटकते.

भीती मात्र बुजली नाही. आभाळात चालणारे बाबा पेल्यातल्या पाण्याला भ्यायचे. सगळ्यांच्या नाही, फक्त सुमीच्या. घरात नळ आला, फिल्टर आला, तरी सुमीने पाणी मागितलं की ते दुसऱ्या कोणाला उठू देत नसत. स्वतः जायचे, पेला भरायचे, उजेडाकडे धरायचे, बघायचे आणि मग द्यायचे. तिच्या लग्नात, भर मांडवात, नव्या जावयासमोर त्यांनी पेला वर धरला आणि वऱ्हाडी हसले. कोणी म्हणालं, सासरेबुवा पाण्यात काय भविष्य पाहतात का? सुमीही हसली आणि प्यायली. तीजेचा निर्जळी उपास सोडायला ती यायची तेव्हा पहिला पेला त्यांच्याच हातचा. शेवटच्या वर्षी त्यांना उठवत नव्हतं, हात कापत होता, पेल्यातलं निम्मं पाणी अंथरुणावर सांडलं, तरी उजेडाकडे धरलाच.

यंदा आर्यनने खड्डा खणून सगळं बुजवलं, घरी आल्यावर दोरा माझ्यापुढे ठेवला आणि "अब खुश?" म्हणून मासोळीवर ताव मारला. मग तीजा झाली. सुमीने दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. या वयात कशाला गं, म्हटलं, तर ऐकलं नाही. सकाळी पूजा झाली आणि मी तिच्यासाठी पाणी भरलं. स्वच्छ, मशिनीतून आलेलं, ज्यात काही असणं शक्य नाही. ओसरीवर ऊन आलं होतं, तेच पिवळं. माझा हात आपोआप वर गेला. पेला उजेडात धरला आणि मी बघत राहिले. का, ते मला समजेपर्यंत वेळ निघून गेली होती.

सुमी माझ्याकडे बघत होती.

"खवला दिसला का वो, बाई?" तिने विचारलं.

मी पेला खाली घेतला. "तुले कोनं सांगतलं?"

"मायनं. माह्या लग्नाच्या वक्ती."

"अन् एवढे वर्स तू बोलली कावून नाही?"

तिने माझ्या हातातून पेला घेतला आणि सगळा प्यायली. पदराने ओठ पुसले.

"बोलली असती, तं बाबानं मले आपल्या हातानं पानी देनंच सोडलं असतं," ती म्हणाली, आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला. "आनखी दे. अन् पाहूनच दे."